अण्णाची नाचणीची बीअर

अण्णा, मी तुझ्यावर अजून रागावलेली आहे, हे आधीच सांगून टाकते. तुझ्या तेराव्यालाही आता दहा दिवस होऊन गेले आणि मी घरात एका जागी टिकत नाही. शाळेतून येते, चपला काढते, पुन्हा घालते. हाजऱ्याच्या चौकावरून चालत लेकच्या तळ्यापर्यंत जाते, बाकावर बसते न बसते तोच उठून परत फिरते. आई म्हणते, "सुमे, बस गं जरा." बसलं की तुझं ते हसणं ऐकू येतं. मग मी कपाट आवरायला घेते, जे कालच आवरलेलं असतं.

भेटायला येणारी माणसं तुझ्याबद्दल खूप चांगलं बोलून गेली. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीची आरास तू कशी करायचास, तुझं बंगाली ऐकून खुद्द बंगाली माणसं कशी फसायची, बदली होऊन आलेल्या नव्या कुटुंबांना तू घरं कशी शोधून द्यायचास. सगळं खरं. पण एकानेही बीअरचं नाव काढलं नाही. समोर मुलगा गमावलेली आई बसलेली, भिंतीवर दत्ताची तसबीर. "केमिस्ट होते" एवढं म्हणायचं आणि चहाचा कप उचलायचा. खिदिरपूरच्या पलीकडच्या त्या कारखान्यात तुझ्या जिभेने हो म्हटल्याशिवाय बीअरची एक टाकी बाटल्यांत भरली जात नव्हती, हे आपल्या लोकांना आपण कधी सांगितलंच नाही. आणि मला तुझ्याशी बोलायचं आहे ते नेमकं त्याबद्दलच.

तुला आठवतं, मी कॉलेजात असताना आमटीचा पहिला घास घेऊन म्हटलं होतं की हिंगाला ओल लागली आहे? आईने डबी उघडून पाहिली तर खरंच हिंगाचा गोळा झालेला. पुढच्या रविवारी सकाळी मला गच्चीवर घेऊन गेलास आणि खिशातून बुचाच्या चार लहान बाटल्या काढून कठड्यावर मांडल्यास.

"हा वास कशाचा?"

"ओल्या पुठ्ठ्याचा."

"म्हणजे बीअर शिळी झाली. आणि हा?"

"मका उकडल्यासारखा."

"उकळी नीट बसली नाही. हा?"

"लोण्याचा. थोडं जुनं लोणी."

तू माझ्याकडे असा बघत राहिलास की मला वाटलं माझं काहीतरी चुकलं. मग म्हणालास, "आमच्याकडे माणसांना हे शिकवायला दोन वर्षं लागतात, सुमे." त्यानंतर कितीतरी रविवार आपण ते केलं. खाली आई पूजेला बसायची आणि आपण वर गच्चीत कडू पाणी हुंगत बसायचो. एकदा मी घोट घेऊन थुंकणार तेवढ्यात तू हात धरलास. "बीअर थुंकून कळत नाही. तिचा कडूपणा घशाशी गेल्यावर कळतो. गिळायला लागते." मी गिळली आणि जिन्याने खाली येताना कुंडीतलं तुळशीचं पान तोडून चावलं. तुझी नोकरी म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. दिवसाला आठ-दहा घोट, आणि सगळे गिळायचे.

मग तुझं पोट बिघडलं. या शहरात पोट सगळ्यांचंच बिघडतं, त्यामुळे पहिली दोन वर्षं आपण कुणी ते मनावर घेतलं नाही. शेजारच्या बंगाली मासीमांनी सांगितलं, बार्लीचं पाणी द्या. इथे आजारी माणसाला पहिल्यांदा देतात ते बार्लीच. आईने मनापासून दिलं. सकाळ-संध्याकाळ, लिंबू पिळून. तेव्हा रेशनवर तांदूळ मोजका मिळायचा आणि गहू भरपूर, म्हणून आई तुझ्यासाठी तव्यावरची मऊ पोळी बाजूला काढून ठेवायची. "भात जड पडतो, तू पोळी खा." तू खायचास आणि आणखी खंगायचास. पट्ट्याला तू खिळ्याने नवं भोक पाडलंस, मग आणखी एक. डॉक्टर संग्रहणी म्हणाले. गोळ्या दिल्या. थोडं बरं वाटायचं, पुन्हा तेच. तुझी बोटं पांढरी दिसायला लागली, जिना चढताना तू मध्येच थांबून खिडकीबाहेर काहीतरी बघितल्यासारखं करायचास.

शेवटी त्या मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी तुला बारीक नळीच्या टोकाला लावलेली एक धातूची कुपी गिळायला लावली आणि आतड्याचा कणभर तुकडा काढून तपासला. आपण दोघं त्यांच्या खोलीत बसलो होतो. ते म्हणाले, "तुम्हाला गहू चालत नाही. त्यातला जो चिकट अंश असतो ना, ग्लूटेन, तो तुमच्या आतड्याला सोसत नाही. पोळी, पाव, बिस्कीट, सगळं बंद. आणि बार्ली बंद."

तू विचारलंस, "बार्ली म्हणजे बार्लीचं पाणी?"

"बार्लीचं काहीही."

तू हसलास. डॉक्टरांना कळेना. मी सांगितलं की हे बीअरच्या कारखान्यात आहेत, बीअर बार्लीचीच असते आणि ती चाखणं हेच यांचं काम. डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

ट्राममध्ये तू मला म्हणालास, "आईला गव्हाचं सांग. बार्लीचंही सांग, नाहीतर ती पुन्हा पाणी उकळत बसेल. कारखान्यात मी थुंकत जाईन." मी म्हटलं, "थुंकून कळत नाही ना?" तू म्हणालास, "शिकेन."

आईला सांगितलं त्या दिवशी तिने बार्लीचा डबा उचलला आणि मोरीत रिकामा केला. मग तिथेच डबा हातात धरून उभी राहिली. "मीच देत होते रे," एवढंच म्हणाली. तू तिच्या हातातून डबा काढून घेतलास आणि म्हणालास, "आता यात नाचणी भर." ते तू तिचं मन दुसरीकडे वळवायला म्हटलं होतंस, पण नाचणी तुझ्याच डोक्यात जाऊन बसली. आपण लहान असताना आई नाचणी भिजवून, मोड काढून, वाळवून, भाजून दळायची आणि सत्त्व म्हणून खायला घालायची. दोन-तीन दिवसांनी सकाळी दात घासता घासता तू बाहेर आलास. "सुमे, मोड आणून वाळवलेलं धान्य म्हणजेच माल्ट. आई आयुष्यभर माल्टच करत आली आहे."

पुढची दोन वर्षं आपलं घर म्हणजे तुझा कारखाना झालं. नाचणी लेक मार्केटातल्या तमिळ वाण्याकडून आणायची मी. मोड आईकडून काढून घ्यायचे. तिला हे सगळं औषधासाठी चाललंय असं वाटायचं, आणि आपण तिला ते वाटू दिलं. कारखान्यातलं यीस्ट तू तसंच वापरत नव्हतास, त्यात जवाचा, म्हणजे बार्लीचाच, अंश असणार म्हणून गुळाच्या पाण्यात ते पुन्हा पुन्हा वाढवून घ्यायचास. बीअरला कडूपणा देणारी हॉप्सची चिमूटभर फुलं कागदाच्या पुडीत यायची. न्हाणीघरात मडकी, आईच्या जुन्या लुगड्याचं गाळणं, खिडकीपाशी थर्मामीटर. आणि सगळ्या घराला आंबलेल्या पेजेचा वास. नाचणीबरोबर तू थोडा तांदूळही शिजवून घालायचास. त्यावरून आईचं आणि तुझं एकदाच काय ते कडाक्याचं भांडण झालं. "लोक तांदळासाठी रांगेत उभे राहतात आणि तू तो नासवायला घेतलास?" तू तिला एक पेला दिलास. "नासवला नाही, आई. ही आपली आंबीलच आहे." तिने बोट बुडवून चाखलं. "आंबील असेल तर ती बिघडलीय," म्हणाली आणि भांडी घासायला गेली.

ती तुझी पहिली परीक्षक. दुसरी मी.

पहिली खेप चिखलासारखी गढूळ होती, मी तसं सांगितलं. दुसरीत बाटली फुटली. तिसरीला फेस आला पण तो दहा मोजेपर्यंत बसला, चव कच्च्या पिठाची. चौथी बरी होती, मात्र शेवटी आंबट. प्रत्येक वेळी मी सांगायची आणि तू मान हलवत लिहून घ्यायचास. तुझा नियम होता. चांगलं की वाईट ते शेवटी सांगायचं, आधी काय आहे ते सांगायचं, आणि करणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं नाही. म्हणून मी गच्चीत पाठ फिरवून चाखायची.

पाचव्या वेळी मी वळले.

आता ते तुला नीट सांगते, कारण तू विचारलंस तेव्हा मी सांगितलं नाही. त्या आठवड्यात आमच्या शाळेच्या गल्लीत राजकीय मारामाऱ्यांत दोनदा बॉम्ब फुटले होते. शाळा उघडायची, बंद व्हायची, मुलींना घरी पोचवायला आम्ही बायका त्यांच्याबरोबर चालत जायचो. घरी यावं तर न्हाणीघरात तुझी मडकी, अंघोळ करायला जागा नाही, साडीला तो वास. मला त्या बीअरचा कंटाळा आला होता, अण्णा. तुझी दया येत होती हे खरं, पण आधी कंटाळा, मग दया. तू ग्लास दिलास. मी घोट घेतला. आंबट. चौथीपेक्षा कमी, पण घशाशी गेल्यावर आंबटच. मी वळून पाहिलं तर तू कठड्याला धरून उभा होतास, मनगटाची हाडं वर आलेली, आणि माझ्याकडे असा बघत होतास जशा माझ्या वर्गातल्या मुली निकालाच्या दिवशी बघतात.

मी म्हटलं, "झाली. हीच ती."

"आंबटपणा?"

"नाही."

तू ती बाटली कारखान्यात नेलीस. तुझ्या साहेबांना विचारून चाखणाऱ्या पाच जणांपुढे तीन ग्लास मांडलेस, दोन नेहमीचे आणि एक तुझा. कुठला कुठला ते सांगितलं नव्हतंस. संध्याकाळी तू घरी आलास, बूट काढलेस, खुर्चीत बसलास.

"साहेब काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, आजाऱ्यांना द्यायला छान आहे, लिमये."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे हसले. साहेबांचा विनोद होता ना." मग तू माझ्याकडे न बघता विचारलंस, "सुमे, तुला ती आंबट लागली नव्हती?"

"थोडी," मी म्हटलं.

"मग बोलली का नाहीस?"

मी स्वयंपाकघरात गेले. खरंच गेले, अण्णा, पातेलं उतू जातंय असं म्हणत. चुलीवर काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी तू मडकी धुऊन गच्चीच्या कोपऱ्यात पालथी घातलीस आणि त्यानंतर मला कधी ग्लास दिला नाहीस. रागावला नाहीस, बोलणंही टाकलं नाहीस. देवीच्या पूजेच्या दिवसांत आपण आईला घेऊन मंडप बघत हिंडलो, मंडळाच्या गणपतीत तू कापसाचा हिमालय केलास. सगळं होतं तसं होतं. फक्त रविवारी सकाळी तू पेपर वाचत बसायला लागलास.

त्यानंतर वर्षभराने असेल, मला पहिल्यांदा वास आला. तू दारात वाकून बुटाच्या नाड्या सोडत होतास आणि मी तुझी पिशवी घेत होते. हॉप्सचा कडसर वास, त्याखाली भाजलेल्या माल्टचा. मी मनात म्हटलं, कारखान्यातून आलाय, कपड्यांना लागला असेल. पण तो कपड्यांचा नव्हता, श्वासाचा होता. आठवड्याने पुन्हा. मग मी रोज दारात उभी राहायला लागले. तुला वाटलं असेल बहीण किती मायेने दार उघडते. मी तुझा श्वास हुंगत होते. महिन्यात चार-पाच दिवस तरी हमखास. आणि नेमकं तेव्हाच तुझं वजन पुन्हा उतरायला लागलं होतं, तू जेवताना अर्ध्यावरून उठायला लागला होतास. मी दोन आणि दोन चार केले.

गेल्या फाल्गुनातल्या त्या रविवारी मला ते पोटात ठेवता आलं नाही. आई देवळात गेली होती. तू दाढी करत होतास.

मी म्हटलं, "तू गिळतोस."

"काय गिळतो?"

"बीअर. थुंकत नाहीस, गिळतोस. मला वास येतो."

तू वस्तरा खाली ठेवलास. "कशाचा वास येतो?"

"माझी परीक्षा घेऊ नकोस, अण्णा. बीअरचा. हॉप्सचा, माल्टचा."

"जवाची बीअर?"

"मग कशाची?"

"नक्की? अगदी जवाचीच?"

"हो, जवाचीच! इतकी वर्षं ओळखते मी तो वास, मला काय शिकवतोस?"

आणि तू हसायला लागलास. अर्ध्या गालाला साबण, पलंगाच्या कडेवर बसलास आणि खोकला येईपर्यंत हसत राहिलास. "सुमे," म्हणालास, "परत एकदा सांग."

मी म्हटलं, "मरशील अशाने," आणि दार आपटून बाहेर पडले. लेकभोवती दोन फेऱ्या मारल्या. ज्या माणसासाठी आईने घरातून कणीक हद्दपार केली, दिवाळीत शंकरपाळी करायची बंद केली, तो माणूस माझ्या तोंडावर हसतो. नऊ दिवस मी तुझ्याशी बोलले नाही. तू दोनदा माझ्या खोलीच्या दारापर्यंत आलास. मी वह्या तपासत राहिले.

पुढे सगळं भराभर झालं. पोटात दुखायला लागलं, ताप आला, तुला हॉस्पिटलात ठेवलं. आतड्यात गाठ आहे म्हणाले, ऑपरेशन करावं लागेल. आदल्या दिवशी सकाळी डॉक्टर तपासायला आले तेव्हा मी तुझ्यादेखत त्यांना सांगितलं, "हे अजून बीअर पितात. तुम्ही बंद केली होतीत तरी."

डॉक्टरांनी तुझ्याकडे पाहिलं. तू म्हणालास, "पितो. पण ती—"

"कारणं देऊ नकोस," मी म्हटलं.

तू थांबलास. उशीवर मान वळवून माझ्याकडे बघितलंस. त्यात राग नव्हता, हे आता मला फार त्रास देतं. तू थकलेला होतास आणि तुला वाटलं असेल, नंतर सांगू. दुसऱ्या दिवशी तुला आत नेलं. त्यानंतरचे चार दिवस तू अधूनमधून डोळे उघडायचास, आईचा हात धरायचास, पाणी मागायचास. सांगण्यासारखं तू काही सांगू शकला नाहीस.

परवा तपनबाबू आले. तुझ्याबरोबर प्रयोगशाळेत काम करणारे, जाड भिंगांचा चष्मा, हातात मिष्टीचा डबा. आईच्या पाया पडले. थोडा वेळ बसले आणि मग मला बंगालीत म्हणाले, "दिदी, लिमयेदांची टाकी अजून लावलेली आहे. तिचं काय करू?"

"कसली टाकी?"

ते गोंधळले. त्यांना वाटलं होतं की घरी माहीत असणार. मग बाहेरच्या व्हरांड्यात उभं राहून त्यांनी मला सगळं सांगितलं. साहेबांच्या त्या विनोदानंतर महिनाभरात तू स्वतःच जाऊन साहेबांना तुझ्या आजाराचं सांगितलंस आणि चाखणाऱ्यांतून तुझं नाव काढून घेतलंस. तेव्हापासून तू पाणी तपासत होतास. बीअरला लागणारं पाणी, त्यातले क्षार. कारखान्यातल्या सगळ्यांत चांगल्या जिभेचा माणूस पाणी तपासतो म्हणून साहेबांनाच लाज वाटली असावी. त्यांनी तुला प्रयोगशाळेचा एक कोपरा दिला, पिंपाएवढी लहान टाकी दिली. तिथे तू नाचणीची बीअर लावत राहिलास. तयार झाली की पाच वाजता तू आणि तपनबाबू समोरासमोर बसायचात. त्यांच्या ग्लासात कारखान्याची, तुझ्यात तुझी. तू अर्धा ग्लास प्यायचास आणि मग उरलेली त्यांना चाखायला लावायचास.

"जवाची त्यांनी शेवटच्या तीन वर्षांत जिभेलाही लावली नाही, दिदी. मी रोज त्यांच्यासोबत होतो."

मी व्हरांड्याचा गज धरला.

"ते एकदा सोमवारी आले," तपनबाबू म्हणाले, "नाचायचेच बाकी होते. दारातूनच ओरडले, पास! तपन, पास झाली! मी विचारलं, कोणी पास केली? तर म्हणाले, माझ्या बहिणीने. मी म्हटलं, घरी नेऊन दिलीत? म्हणाले, छे, दिली असती तर ती माझ्या तोंडाकडे बघून पुन्हा खोटं बोलली असती. मी तिला काही दिलंच नाही. ती माझ्याशी भांडली, तपन. जवाचीच आहे म्हणून भांडली!"

म्हणजे तू त्यासाठी हसत होतास.

तपनबाबू गेल्यावर मी तशीच हॉस्पिटलात गेले. डॉक्टर जिन्यात भेटले. मी विचारलं, त्या बीअरने काही झालं का? त्यांना आधी मी कोण ते आठवेना. मग म्हणाले, "गाठ फार जुनी होती. आजार कळण्याच्या आधीपासून आतडं खराब होत आलं होतं, त्यातून असं कधीकधी होतं. बीअर? कुठली बीअर?" मी सांगितलं, नाचणीची. ते म्हणाले, "त्याने काय होणार?" आणि वर निघून गेले.

अण्णा, तू मला सांगायला हवं होतंस. हसून झाल्यावर, तोंड धुऊन, बाहेर येऊन सांगायला हवं होतंस की सुमे, ती माझी आहे. मला माहीत आहे, मी नव्हते, मी दार आपटून गेले होते. नऊ दिवस तुला बोलू दिलं नाही तेही माहीत आहे. पण तू आधीही सांगितलं नाहीस, वर्षभर रोज मी दारात उभी असताना. मी तुला विश्वास ठेवण्यासारखी राहिले नव्हते, ते माझ्या एका शब्दामुळे. हे मला मान्य करायला जड जातं, म्हणून मी चालत सुटते. मग रस्त्यात मध्येच वाटतं, की काही का असेना, तुला माझ्याकडून खरा निकाल मिळाला. रागातून मिळाला, चोरून घ्यावा लागला, पण तो खरा होता. त्यात माझी दया नव्हती, कंटाळा नव्हता. तू तो घेऊन सोमवारी कारखान्यात नाचत गेलास. हा विचार आला की रस्त्यात मला हसू येतं आणि लोक बघतात. दुसऱ्या क्षणी तुझं ते "पण ती—" कानात येतं आणि पाय पुन्हा जोरात चालायला लागतात.

काल शाळा अर्ध्या दिवसाची होती. दुपारी मी बसने खिदिरपूर गाठलं आणि तिथून पुढे कारखान्यात गेले. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच तिथे गेले. तपनबाबू फाटकाशी घ्यायला आले. तुझा कोपरा खिडकीपाशी आहे, तिथून जहाजांच्या क्रेन दिसतात. टेबलावर तुझी पट्टी, तुझा जुना स्वेटर खुर्चीच्या पाठीला. टाकी भिंतीला लागून होती. तू हॉस्पिटलात जायच्या आधी लावलेली. मध्ये वीज दोन-दोन तास जात होती, थंड ठेवणारं यंत्र बंद पडत होतं, आणि कुणाची तिला हात लावायची हिंमत झाली नव्हती.

तपनबाबूंनी ग्लास दोनदा धुतला. नळाखाली धरला. रंग सुंदर होता, अण्णा, गडद चहासारखा, आणि फेस बारीक, तो लगेच बसला नाही. मी उजेडाकडे धरून पाहिला. वास घेतला. तपनबाबू समोर उभे होते. चष्मा काढून धोतराच्या टोकाने पुसत होते आणि डोळे माझ्यावर. त्यांना काय हवं होतं ते मला स्पष्ट दिसत होतं. मलाही तेच हवं होतं. त्या घटकेला जगात दुसरं काही नको होतं.

मी घोट घेतला आणि गिळला.

"कशी आहे?" त्यांनी विचारलं.

"सुरुवातीला भाजलेल्या नाचणीची चव आहे," मी म्हटलं. "मग हॉप्स. कडूपणा बरोबर आहे. पण शेवटी आंबट झाली आहे, तपनबाबू. उन्हाने आणि विजेने बिघडली."

"थोडीशी असेल. आणखी थोडे दिवस ठेवली तर?"

"नाही. ओतून टाकायला हवी."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, म्हणावं की तशी बरी आहे, लिमयेदांच्या हातची शेवटची आहे, राहू दे. शब्द अगदी ओठांवर आले होते. मी ग्लास खाली ठेवला आणि पदर खोचला. मग आम्ही दोघांनी टाकी धरून तिरकी केली. तपनबाबू नाक ओढत होते, टाकी जड होती, पाणी जायच्या गटारात ती सगळी उतरायला बराच वेळ लागला.

म्हणजे तुझी चांगली झालेली बीअर मी कधी प्यायलेच नाही. काल जी प्यायले ती आंबट होती, अण्णा, आणि या वेळी आंबट आहे असंच मी सांगितलं.